पागडीची खोली: मुंबईच्या भाडेनियंत्रणाचा इतिहास

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, लालबाग, परळ या मुंबईच्या जुन्या पट्ट्यात एकाच घराला दोन धनी असतात. जमीन आणि इमारत कागदोपत्री घरमालकाची, पण खोली पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरूच्या ताब्यात. हा ताबा वारसांकडे जातो आणि रोख रकमेच्या बदल्यात दुसऱ्याच्या नावावरही होतो. हीच पागडी. ती कोणी ठरवून आणलेली नाही. युद्धकाळातली तात्पुरती सोय म्हणून आलेला भाडेनियंत्रणाचा कायदा अर्धशतकाहून अधिक काळ टिकला आणि त्याच्या आडोशाला ती वाढली.

त्याआधीच्या मुंबईत घर भाड्याने देणे हा चांगला चालणारा धंदा होता. १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत कोकणातून आणि घाटावरून माणसांचा ओघ सुरू झाला. गिरणीमालकांनी कामगारांसाठी घरे बांधली ती थोडीच. उरलेली गरज खासगी चाळींनी भागवली. गाठीला पैसा असलेले व्यापारी भाड्याच्या उत्पन्नाकडे पाहून चाळी उठवत. १८९६ च्या प्लेगने या दाट वस्तीचे धोके उघडे पाडल्यावर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, नव्या वसाहती आखल्या आणि त्यासाठी गरिबांची बरीच घरेही पाडली. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. त्यातली एक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. सरकारी बांधकामाचा हा मोठाच प्रयत्न होता, तरी शहरातले बहुसंख्य लोक खासगी मालकाच्या खोलीतच राहत होते.

पहिल्या महायुद्धात बांधकाम थंडावले, भाडी वाढली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाड्यांवर पहिल्यांदा कायद्याचा लगाम आला. काही वर्षांनी तो उठलाही. दुसरे महायुद्ध सुरू होताच पुन्हा निर्बंध आले आणि त्यांचेच पक्के रूप म्हणजे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्यातल्या दोन तरतुदी निर्णायक ठरल्या. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे धरले गेले. त्यानंतर प्रथमच भाड्याने गेलेल्या जागेला पहिल्या भाड्याचा आधार मिळाला. शिवाय नियमित भाडे भरणाऱ्या भाडेकरूला कायद्याने ठरवलेल्या कारणांखेरीज बाहेर काढणे अशक्य झाले. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, युद्धात महागाई भडकलेली होती. १९४१ ते १९५१ या दहा वर्षांत मुंबई बेटाची लोकसंख्या सुमारे १५ लाखांवरून २३ लाखांवर गेली. अशा वेळी हा कायदा आला नसता तर हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. चूक कायदा करण्यात नव्हती. ठराविक मुदतीचा हा कायदा वारंवार मुदतवाढ देऊन चालवला गेला आणि रुपयाची किंमत घसरत असताना भाडे मात्र १९४० मध्येच अडकून राहिले, ही खरी चूक.

प्रत्यक्ष बाजारभाव आणि पावतीवरचे भाडे यांतली दरी वाढत गेली, आणि ती भरून काढायला पागडी पुढे आली. खोली सोडणारा भाडेकरू गिऱ्हाईक शोधी आणि रक्कम ठरवी. मग दोघे घरमालकाकडे जात. मालक आपला हिस्सा घेई. पुढे तो साधारण एक तृतीयांश असा रूढ झाला. जुन्या नावाची पावती बंद होई आणि नव्या नावाची फाटे. लाखाचा व्यवहार झाला तरी पावतीवर तेच पूर्वीचे काही रुपयांचे भाडे. भाडेकरू ठेवताना किंवा हक्क सोडताना अशी रक्कम घेणे १९४७ च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते, म्हणून सगळा पैसा रोखीत फिरे आणि त्याचा कागद कुठेच नसे. घर मिळाल्याचा एकमेव पुरावा म्हणजे ती पावती. म्हणूनच जुन्या मुंबईकराच्या कपाटात भाडेपावत्यांचा गठ्ठा दागिन्यांच्या शेजारी जपलेला असे.

दुरुस्तीचा प्रश्न यातूनच चिघळला. चाळीच्या भाड्यातून कर भरून जिना बदलण्याइतकेही पैसे उरत नाहीत, अशी मालकांची तक्रार होती आणि ती बहुतांशी खरी होती. भाडेकरूंनी खर्च करावा तर इमारत त्यांच्या मालकीची नाही. पावसाळ्यात घरे कोसळू लागली. तेव्हा १९६९ मध्ये सरकारने वेगळा कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमले आणि बेटावरच्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला. सुमारे १९,६०० इमारती या उपकराखाली आल्या. पुढे हे काम म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे गेले. टेकू लावलेले सज्जे आणि धोकादायक इमारतींची दर पावसाळ्यापूर्वीची यादी हे शहराच्या ओळखीचे दृश्य झाले.

भाड्यासाठी नवी घरे बांधणेही जवळपास थांबले. एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर जाणार नाही आणि भाडेही वाढणार नाही, हे कळल्यावर त्यात पैसा कोण घालणार? बांधकामाचा पैसा मालकी हक्काच्या फ्लॅटकडे आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांकडे वळला. १९६३ मध्ये फ्लॅटच्या विक्रीसाठी स्वतंत्र कायदा झाला. भाडेकरू ठेवायला घाबरणारे मालक लिव्ह अँड लायसन्सच्या कराराने जागा देऊ लागले. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अशा परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. परिणाम असा की, हातात घर असूनही ते कुलूप लावून ठेवणे अनेकांना शहाणपणाचे वाटू लागले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने मोकळ्या जमिनीचा बाजारही गोठवला. शहरात नव्याने येणाऱ्या, मालकीचे घर न परवडणाऱ्या माणसाला पूर्वी चाळ सामावून घेत असे. आता त्याच्यासमोर झोपडपट्टीच उरली.

तरीही त्या काही रुपयांच्या भाड्याचे मोल दुसऱ्या बाजूने पाहिले पाहिजे. १९८२ च्या गिरणी संपानंतर हजारो गिरणी कामगारांची नोकरी कायमची गेली. खोलीचे भाडे बाजारभावाने असते तर लालबाग-परळची वस्ती तेव्हाच उठली असती. खोली राहिली म्हणून मुले शिकली, बायकांनी खानावळी चालवल्या, वस्ती तगली.

डिसेंबर १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली, बँका आणि मोठ्या कंपन्यांचे संरक्षण काढून घेतले आणि पागडीला कायदेशीर मान्यता दिली. मूळ भाडेच इतके थोडे होते की ४ टक्क्यांनी मालकाच्या हाती फारसे काही पडले नाही.

इमारत मोडून नवी बांधणे हाच मग सर्वांना दिसणारा मार्ग उरला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) नियमाने उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला जादा चटईक्षेत्र, म्हणजे एफएसआय, दिले. जुन्या रहिवाशाला किमान २२५ चौरस फुटांचे घर फुकट आणि त्याच्या मोबदल्यात विकासकाला विकण्यासाठी वरचे मजले, असा तेव्हाचा हा सौदा. जागेचा भाव चढा तिथे मनोरे उभे राहिले. लहान भूखंडांवरच्या, फायदा न दिसणाऱ्या चाळी तशाच राहिल्या आणि अनेक कुटुंबांची संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे गेली.

दुसरा मार्ग सरकारने १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात घातला होता. ७० टक्के रहिवाशांनी मागणी केल्यास उपकरप्राप्त इमारत संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला देता येईल आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला मिळेल, अशी ती तरतूद. घरमालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती मानता येते का, हा त्यातून निघालेला घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयात तीन दशके रेंगाळून नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निकाल आला की, प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही.