सावलीच्या मध्यावरचा उजेड

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. दाराच्या फटीतून आत आलेली उन्हाची तिरीप पाहिली की ते पटतंही. आम्ही कवी मंडळी तर तिला कधी बाण म्हणतो, कधी सोन्याची दोरी. पण मुळात हा प्रकाश असतो कसा? बारीक कणांचा मारा असतो, की पाण्यावरच्या लाटेसारखा तरंग? या प्रश्नावर युरोपातल्या विद्वानांनी शंभराहून अधिक वर्षं वाद घातला आणि त्याचा निकाल लागला एका छोट्याशा सावलीत!

प्रकाश म्हणजे तरंग, असं हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्स यांनी सतराव्या शतकात मांडलं होतं. इंग्लंडच्या आयझॅक न्यूटन यांचा कल मात्र कणांकडे होता. न्यूटन यांच्या नावाचा दबदबाच असा, की पुढं शतकभर कणांचीच सरशी राहिली.

१८०१ साली थॉमस यंग या लंडनच्या डॉक्टरांनी हा प्रश्न पुन्हा उकरून काढला. शांत तळ्यात जवळजवळ दोन खडे टाकून पाहा. दोन्हींच्या लाटा पसरत येतात आणि एकमेकींना भेटतात. उंचवट्यावर उंचवटा आला की पाणी जास्त उसळतं. उंचवटा आणि खोलगा एकत्र आले की तिथलं पाणी निवांत राहतं. यंग म्हणाले, प्रकाशाचंही असंच होतं. म्हणजे उजेडात उजेड मिसळला तर अंधारही होऊ शकतो! शास्त्राच्या भाषेत याला व्यतिकरण म्हणतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग ही त्याचीच किमया.

१८०३ साली यंग यांनी रॉयल सोसायटीपुढं एक साधा प्रयोग सांगितला. खिडकीच्या झडपेला भोक पाडायचं, त्यावर सुईनं टोचलेला जाड कागद लावायचा आणि आत येणाऱ्या उन्हाच्या झोतात इंचाच्या तिसाव्या भागाएवढी रुंद कागदी पट्टी धरायची. तिच्या सावलीत उजेड-अंधाराचे पट्टे दिसले. पट्टीच्या एका बाजूचा उजेड अडवला की सावलीतले पट्टे नाहीसे! म्हणजे दोन्ही बाजूंचा उजेड एकत्र येऊनच ते घडत होते.

यंग यांनी प्रकाशाची तरंगलांबीही काढली. तरंगलांबी म्हणजे एका उंचवट्यापासून पुढच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर. गंमत अशी, की त्यासाठी त्यांनी न्यूटन यांचीच मापं वापरली. काच आणि भिंग यांच्या मधल्या पोकळीत दिसणारी रंगीत कडी न्यूटन यांनी काटेकोर मोजून ठेवली होती. त्यावरून तांबड्या प्रकाशाची लाट इंचाच्या सुमारे ३६ हजाराव्या भागाएवढी निघाली, तर जांभळ्याची सुमारे ६० हजाराव्या. आपल्या केसाच्या जाडीत तांबड्या प्रकाशाच्या शंभरेक लाटा मावतात. आजची मापं यापासून फार दूर नाहीत.

पण कौतुक दूरच राहिलं. ‘एडिंबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकात हेन्री ब्रूम यांनी निनावी लेख लिहून यंग यांची खिल्ली उडवली. यंग यांनी उत्तरादाखल पुस्तिका काढली. तिची एकच प्रत खपली, असं सांगतात.

पुढचा अंक पॅरिसमधला. तिथल्या विज्ञान अकादमीनं प्रकाशाच्या विवर्तनावर, म्हणजे कडेपाशी प्रकाश वळण्यावर, निबंध मागवले. ऑगस्टिन फ्रेनेल या रस्ते बांधणाऱ्या तरुण इंजिनिअरनं १८१८ साली तरंगांचं गणित मांडणारा निबंध पाठवला. परीक्षकांमध्ये होते सिमेऑं प्वासाँ, कणांच्या बाजूचे नामांकित गणिती. त्यांनी फ्रेनेल यांचं गणित पुढं नेलं आणि म्हणाले, हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यावर उजेडाचा ठिपका दिसायला हवा. सावलीच्या पोटात उजेड? सिद्धांत मोडीत काढायला एवढा वेडेपणा पुरेसा होता.

पण दुसरे परीक्षक फ्रान्स्वा आरागो यांनी प्रयोग करून पाहायचं ठरवलं. दोन मिलिमीटरची धातूची चकती काचेला मेणानं चिकटवली, प्रकाश सोडला आणि ठिपका दिसला! अगदी मध्यावर. १८१९ साली पारितोषिक फ्रेनेल यांना मिळालं. त्या ठिपक्याला आजही ‘प्वासाँचा ठिपका’ म्हणतात. ज्यांना तो अशक्य वाटला, त्यांचंच नाव त्याला मिळालं.

एकदा लाट मोजता आली, तेव्हा तिनंच मोजावं असं ठरलं. १८९२-९३ मध्ये अल्बर्ट मायकेलसन यांनी पॅरिसजवळच्या सेव्हर इथं मीटरची प्रमाण पट्टी कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशानं मोजली. मीटरभर अंतरात लाटा भरल्या १५ लाख ५३ हजारांहून अधिक. १९६० साली धातूची पट्टी बाजूला ठेवून क्रिप्टॉन वायूच्या प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ लाटा म्हणजे एक मीटर, असं जगानं ठरवलं. १९८३ पासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावरून होते. कापडाच्या दुकानातला मीटरही शेवटी प्रकाशापाशीच जाऊन पोचतो.

कणवाले मात्र अगदीच हरले नाहीत. १९०५ साली आइन्स्टाईन यांनी दाखवलं, की काही वेळा प्रकाश पुडक्या-पुडक्यांनी वागतो. आज दोन्ही रूपं खरी मानली जातात.

आज संध्याकाळी ट्यूबलाइटकडे तोंड करून दोन बोटं डोळ्याजवळ धरा आणि त्यांच्यात केसाएवढी फट ठेवा. सूर्याकडे मात्र चुकूनही पाहू नका. फटीत बारीक काळ्या रेघा दिसतील. यंग आणि फ्रेनेल ज्यांच्यासाठी भांडले, त्याच या लाटांच्या खुणा.