रंग-प्रोफाइल, पडद्याची

लॅपटॉपचा वा संगणकाचा विशिष्ट पडदा प्रत्यक्षात कोणते रंग दाखवतो, याची मोजून केलेली नोंद साठवणारी फाइल. रंगांचे मापन सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ मध्ये ठरवलेल्या पद्धतीवर आधारलेले आहे (पहा : रंगमापन). १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी स्थापन केलेल्या आयसीसी या संघाने अशा फाइलींचा समान आराखडा रूढ केला.

मापनापूर्वी पडदा सुमारे अर्धा तास चालू ठेवतात. मग रंगमापक पडद्याला टेकवून त्याखाली लाल, हिरवे, निळे व करडे चौकोन एकामागून एक दाखवले जातात. पांढऱ्यासाठी डी६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्व्हिन, आणि गॅमा २.२ ही नेहमीची लक्ष्ये होत. करड्या छटांतील निळसर वा पिवळसर झाक ग्राफिक्स कार्डातील दुरुस्ती-तक्त्याने घालवतात. उरलेले रूपांतर प्रोफाइल वाचणारे सॉफ्टवेअर करते. पडद्याच्या आवाक्याबाहेरचा रंग मात्र प्रोफाइलने निर्माण होत नाही. एकाच मॉडेलच्या दोन पडद्यांतही फरक असतो, शिवाय पडद्यामागचा प्रकाश वापराने मंदावतो. म्हणून दुसऱ्याची प्रोफाइल उसनी घेणे अपुरे ठरते व मापन अधूनमधून पुन्हा करावे लागते. छपाईपूर्वी पडद्यावर केलेली रंगतपासणी अचूक प्रोफाइलवरच अवलंबून असते (पहा : छायाचित्रण, मुद्रण).