कोसळलेला माणूस आचके देतोय, मग सीपीआर द्यायचा की नाही?

लग्नाचा हॉल असो की लोकलचा प्लॅटफॉर्म, कोणी अचानक कोसळलं की एक जण तोंडावर पाणी मारतो, दुसरा कांदा शोधतो, तिसरा तळपाय चोळतो. साधी चक्कर असेल तर माणूस एवढ्यात उठतोही. पण हृदय बंद पडलं असेल तर यातल्या कशाचाच उपयोग नसतो. रक्तपुरवठा थांबल्यावर साधारण ४ मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

ओळखायचं कसं?

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नसेल तर श्वास चालू आहे का, हे जास्तीत जास्त १० सेकंद पाहा. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या हातांना ती धड सापडत नाही.

सगळ्यात मोठी गफलत होते ती इथेच. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं माणूस तोंड उघडून, थांबून थांबून आचके देऊ शकतो. घोरल्यासारखा आवाजही येतो. जमलेले लोक म्हणतात, 'श्वास चालू आहे, थांबा.' पण तो खरा श्वास नसतो. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की सीपीआर सुरू करायचा.

काय करायचं?

१०८ किंवा ११२ ला फोन लावून तो स्पीकरवर ठेवा. जवळपास एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र असेल तर कोणाला तरी आणायला पाठवा. ते सुरू केलं की पुढच्या सूचना स्वतःच बोलून देतं.

माणसाला जमिनीवर उताणं झोपवा. गादीवर दाब वाया जातो. छातीच्या मधोमध तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवा, त्यावर दुसरा हात ठेवा. कोपर ताठ ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, कारण हृदयात रक्त भरतं ते त्याच क्षणी. हे काम दमवणारं आहे, त्यामुळे दर २ मिनिटांनी माणूस बदला.

तोंडाने श्वास द्यायचा का?

प्रशिक्षण नसेल तर नुसते दाबही चालतात. ज्यांना येतं त्यांनी ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. पाण्यात बुडालेल्यांसाठी हे श्वास फार महत्त्वाचे.

आणि बरगडी मोडली तर?

मोडू शकते, पण ती पुढे जुळते. आवाज आला म्हणून थांबू नका. माणूस हालचाल करून नीट श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा रुग्णवाहिकेतले लोक ताबा घेईपर्यंत दाब सुरूच ठेवा.