म्योडलारॉइट

म्योडलारॉइट : जर्मनीतील बव्हेरिया व थुरिंगिया या दोन राज्यांच्या सीमेवरचे एक खेडे. वस्ती जेमतेम ५० माणसांची. बव्हेरियातील होफ शहराच्या उत्तरेला, शेती आणि जंगलांच्या उंचसखल मुलखात ते वसले आहे. गावाच्या मधून टान्बाख नावाचा ओढा वाहतो आणि तीच दोन राज्यांची सीमा. एका काठावरची घरे बव्हेरियातील ट्योपेन या ग्रामपालिकेत मोडतात, दुसऱ्या काठावरची थुरिंगियातील गेफेल या नगरपालिकेत. शीतयुद्धाच्या काळात या चिमुकल्या गावाच्या मधोमध काँक्रीटची भिंत उभी होती. अमेरिकी सैनिकांनी त्यावरून गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव जगभर गेले.

गावाची ओळख भिंतीपासून सुरू केली तर त्याच्यावर अन्याय होतो. सीमा इथे भिंतीच्या कितीतरी आधीपासून आहे. सोळाव्या शतकातच ओढ्याच्या एका बाजूला बायरॉइटच्या मार्कग्राफांची सत्ता होती, तर दुसऱ्या बाजूला रॉइस घराण्याची. १८१० मध्ये बायरॉइटचा मुलूख बव्हेरियाच्या राज्याकडे गेला आणि त्याच सुमारास ओढ्यालगत हद्दीचे दगड रोवले गेले. त्यांच्या एका अंगावर बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरे कोरलेली आहेत आणि दुसऱ्या अंगावर रॉइस संस्थानाची. पहिल्या महायुद्धानंतर राजे गेले, १९२० मध्ये रॉइसचा प्रदेश नव्या थुरिंगिया राज्यात विलीन झाला, तरी रेषा होती तिथेच राहिली.

या साऱ्या काळात गाव मात्र एकच होते. शाळा आणि खानावळवजा दारूचा गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला होता, म्हणून दोन्ही काठांवरची मुले त्या एका शाळेत बसत आणि संध्याकाळी मोठी माणसे त्या एका गुत्त्यात जमत. रविवारच्या प्रार्थनेला सगळे बव्हेरियातल्या ट्योपेनच्या चर्चमध्ये जात. शेते दोन्हीकडे पसरलेली होती. सोयरिकीही काठ पाहून होत नसत. ओढा इतका अरुंद की बऱ्याच ठिकाणी तो एका ढांगेत ओलांडता येतो. कर कोणत्या कचेरीत भरायचा आणि कज्जा कोणत्या न्यायालयात न्यायचा, एवढ्यापुरतीच ती सीमा लोकांच्या आयुष्यात येई. शाळा एका राज्यात आणि चर्च दुसऱ्या राज्यात, अशी ही वाटणी कोणी आखलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीतून ती पडली होती आणि गाव तिच्यावरच चालत होते. पुढे जे तुटले ते हेच, म्हणून ते आधी सांगितले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस १९४५ च्या वसंतात इथे अमेरिकी सैन्य आले. दोस्त राष्ट्रांत ठरलेल्या वाटणीनुसार जुलैमध्ये थुरिंगिया सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेला, बव्हेरिया अमेरिकेकडे राहिला आणि टान्बाख दोन महासत्तांच्या विभागांची हद्द झाला. १९४९ मध्ये पश्चिम आणि पूर्व जर्मनी ही दोन राष्ट्रे जन्माला आली. तरीही काही वर्षे परवाना दाखवून ओढा ओलांडता येत असे. शेतकरी पलीकडच्या आपल्या वावरात जात होते.

२६ मे १९५२ रोजी पूर्व जर्मन सरकारने हा मार्ग बंद केला. संपूर्ण सीमेलगत ५ किलोमीटर रुंदीचा प्रतिबंधित पट्टा, त्याच्या आत ५०० मीटरचा संरक्षित पट्टा आणि अगदी सीमेला लागून पावलांचे ठसे उमटावेत म्हणून नांगरून ठेवलेली १० मीटरची मोकळी पट्टी अशी तिहेरी रचना लागू झाली. गावात पुरुषभर उंचीहून मोठे फळ्यांचे कुंपण ठोकण्यात आले. सरकारला ज्यांचा भरवसा वाटत नव्हता अशा कुटुंबांना सीमाभागातून सक्तीने उठवून आत नेऊन वसवले गेले. १९५२ आणि १९६१ च्या अशा दोन मोहिमांत सबंध सीमेवर मिळून सुमारे ११,००० ते १२,००० माणसांची घरेदारे सुटली. त्यांना आवराआवर करायला फार तर काही तास मिळत. म्योडलारॉइटच्या पूर्वेकडील भागात सीमेला फार चिकटलेल्या इमारती नंतर पाडण्यात आल्या. ओढ्याकाठची पाणचक्कीही त्यात गेली.

फळ्यांनंतर काटेरी तारा आल्या आणि १९६६ मध्ये ३.३० मीटर उंच, सुमारे ७०० मीटर लांब काँक्रीटची भिंत. ती पूर्व जर्मनीच्या हद्दीत, ओढ्यापासून किंचित आत बांधलेली होती. त्यामुळे पश्चिमेकडून कोणी ओढ्याच्या मध्यापलीकडे पाऊल टाकले, की भिंत अजून समोर असतानाच तो परक्या देशात शिरलेला असे. भिंतीमागे टेहळणीचा मनोरा, प्रखर दिवे आणि पहाऱ्यावरचे सैनिक होते.

पूर्वेकडच्या रहिवाशांना आपल्याच घरी राहण्यासाठी ओळखपत्रावर खास शिक्का लागे. पाहुणा यायचा तर आधी अर्ज, आणि अर्ज नामंजूर झाला तर लग्नकार्य असो की मयत, पाहुण्याला येता येत नसे. रात्री घराबाहेर फिरण्यावर बंदी होती. शिड्या कुलूप लावून ठेवाव्या लागत. पश्चिमेकडचे शेजारी हात हलवीत, त्यांना हाताने उत्तर देण्यासही मनाई होती. ओरडून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर सख्खे नातेवाईक राहत होते आणि त्यांच्यात साधा रामराम उरला नव्हता. १९७३ पासून पश्चिमेकडच्या सीमाजिल्ह्यांतील लोकांना थोड्या काळासाठी पूर्वेत जाण्याचे परवाने मिळू लागले. त्याचा म्योडलारॉइटला फारसा उपयोग झाला नाही, कारण प्रतिबंधित पट्ट्यातली गावे अशा भेटींना बंदच होती. काठापलीकडच्या भावाला भेटायचे तर दोघांनीही गाव सोडून दूरच्या एखाद्या शहरात यायचे, हाच मार्ग होता. त्याच १९७३ साली एक वाहनचालक शिडीच्या साहाय्याने भिंत ओलांडून पश्चिमेत पोहोचला.

शेतीच्या वाटाही वेगळ्या झाल्या. पूर्वेकडे १९६० पर्यंत जमिनी सामुदायिक शेतीत ओढल्या गेल्या, पश्चिमेकडे घरटी शेती चालू राहिली. पश्चिमेच्या काठावर भिंत पाहायला बसगाड्या भरून लोक येत. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश पश्चिम जर्मनीचे संरक्षणमंत्री मानफ्रेड व्योर्नर यांच्यासह येऊन गेले. छायाचित्रे सगळीकडे छापून आली. भिंतीमागच्या घरांतील माणसे त्यांत कुठेच नव्हती, आणि या गावाबद्दल वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे.

९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडली. म्योडलारॉइटला आणखी महिनाभर वाट पाहावी लागली. ९ डिसेंबरला इथल्या भिंतीतून पायी जाण्यापुरता रस्ता मोकळा झाला आणि ३७ वर्षांनी लोक ओढा ओलांडून शेजाऱ्यांकडे गेले. योगायोग असा, की त्याच दिवशी जवळच्या होफ शहरात पूर्व-पश्चिमेच्या निसर्गप्रेमींची पहिली सभा भरली होती. माणसाचा वावर थांबल्याने जुन्या सीमापट्टीत पक्ष्यांना आणि दुर्मीळ वनस्पतींना आसरा मिळाला होता. सुमारे १,४०० किलोमीटरची ती पट्टी ‘हरित पट्टा’ म्हणून राखावी, असा ठराव तिथे झाला. पट्ट्याचा एक भाग गावाजवळूनच जातो.

१७ जून १९९० रोजी यंत्र लावून भिंत पाडायला सुरुवात झाली. १९५३ मध्ये पूर्व जर्मनीत कामगारांनी केलेल्या उठावाचा तो स्मृतिदिन. सुमारे १०० मीटर भिंत मुद्दाम राखली आणि तिच्याभोवती जर्मन-जर्मन संग्रहालय उभे राहिले. खुल्या आवारात भिंत, जाळीचे कुंपण, मनोरा आणि हद्दीचे दगड मूळ जागेवर किंवा मूळ क्रमाने पाहता येतात. प्रतिबंधित पट्ट्याची रचना एका नजरेत समजावी अशी ही फार थोड्या जागांपैकी एक आहे. या गावावरून सुचलेली ‘टान्बाख’ ही दूरदर्शन मालिका २०१५ मध्ये जर्मनीत दाखवली गेली. गावाचे नाव त्यानंतर अनेक जर्मनांना नव्याने कळले.

देश एक झाला तरी राज्यांची सीमा १८१० च्या दगडांवरच आहे, आणि गावात आजही दोन नगराध्यक्ष, दोन पिनकोड, दोन दूरध्वनी संकेतांक व मोटारींच्या दोन प्रकारच्या पाट्या आहेत. बव्हेरियाच्या काठावर भेटल्यावर ‘ग्र्यूस गोट’ म्हणतात, थुरिंगियाच्या काठावर ‘गुटेन टाग’. मुलांच्या शाळा वेगळ्या, सुट्ट्यांचे वेळापत्रक वेगळे. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, बव्हेरियात सुट्टी असते आणि ओढ्यापलीकडे कामाचा दिवस. ३१ ऑक्टोबरच्या धर्मसुधारणा दिनाला थुरिंगियाचा काठ सुट्टीवर असतो, दुसऱ्या दिवशी सर्व संतांच्या सणाला बव्हेरियाचा. २०१९ पासून थुरिंगियाने २० सप्टेंबरचा बालदिनही सार्वजनिक सुट्टी केला आहे. बव्हेरियाच्या काठावरची मुले त्या दिवशी नेहमीसारखी शाळेत जातात.