जीपगाडी : निलंबनातील फेरफार

मोटारगाडीचा सांगाडा आणि तिचे धुरे यांना जोडणारी कमानी, धक्काशोषक, लोंबत्या कड्या व बिजागरे यांची मिळून जी यंत्रणा होते तिला निलंबन म्हणतात. खडबडीत व चिखलाच्या वाटांवरून जाता यावे म्हणून जीपगाडी मूळ रचनेपेक्षा उंच करण्याची प्रथा जीपइतकीच जुनी आहे. या प्रथेचा उगम, तिच्यातील यांत्रिक दोष आणि तिच्यावर आलेली कायद्याची बंधने यांचा येथे विचार केला आहे.

जीप ही दुसऱ्या महायुद्धाची निर्मिती होय. अमेरिकन सैन्यासाठी १९४१ ते १९४५ या काळात विलीस व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सु. ६,४०,००० जीपगाड्या तयार केल्या. पुढील व मागील धुऱ्यांमधील अंतर ८० इंच (सु. २०३ सेंमी.), पुढच्या दोन चाकांमधील अंतर सु. १२४ सेंमी., चारही चाकांना शक्ती पुरविण्याची सोय आणि दोन्ही अखंड धुऱ्यांखाली पोलादी पट्ट्यांच्या कमानी अशी तिची रचना होती. युद्धसमाप्तीनंतर सैन्याने विक्रीस काढलेल्या अनेक जीपगाड्या हिंदुस्थानात खासगी मालकांच्या हाती आल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद (१९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र) या कंपनीने लवकरच मुंबईत माझगाव येथे विलीस जीपची जुळणी सुरू केली. वनखाते, महसूल खाते व पोलीस यांचे नित्याचे वाहन म्हणून जीप पुढील दशकांत खेड्यापाड्यांत परिचित झाली.

राजुऱ्याचा परिसर अशा वाहनाला अनुकूल, किंबहुना त्याच्यावाचून अडणारा होता. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा (सध्याच्या चंद्रपूर) जिल्ह्यात आला. काझीपेठ–बल्लारशाह लोहमार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाल्याने विरूरसारखी गावे रेल्वेने जोडली गेली. परंतु माणिकगडाच्या डोंगररांगेतील व जिवतीकडील वस्त्यांना जाणाऱ्या वाटा काळ्या चिकण मातीच्या, नाल्यांनी तोडलेल्या व घाटाच्या होत्या. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या खोल आणि मधला उंचवटा मोठा, अशा वाटेवर जीपचे पोट घासते. ते घासू नये म्हणून गाडी उंच करावी, ही कल्पना अशा प्रदेशात सहज सुचणारी आहे. १९७३ नंतर पेट्रोल महागल्यावर जुन्या जीपगाड्यांत डिझेल एंजिने बसविण्याचा प्रघात पडला. ही एंजिने वजनदार असल्याने पुढची कमान बसू लागे आणि कारागीर तिच्यात एखादा जादा पाटा घालीत. प्रवासी वाहतुकीच्या ‘काळी-पिवळी’ गाड्यांतही भार पेलण्यासाठी हाच उपाय होत असे.

उंची वाढविण्याच्या प्रमुख रीती तीन आहेत. पहिली जादा पाटे घालण्याची. तीमुळे कमान ताठर होते, रिकाम्या गाडीत चाके उसळतात आणि वळणावर जमिनीवरील पकड सुटते. दुसरी रीत कमानीचे टोक सांगाड्याला टांगणाऱ्या कड्या लांब करण्याची. ती सर्वांत स्वस्त व म्हणून सर्वांत रूढ आहे. कडी जितकी लांबवावी त्याच्या निम्मीच उंची मिळते. उलट पुढचा धुरा किंचित फिरतो, सुकाणूच्या चाकाला वळणानंतर आपोआप सरळ होण्याचा जो गुण असतो तो क्षीण होतो आणि गाडी वेगात डोलू लागते. तिसरी रीत धुऱ्याखालची कमान धुऱ्यावर आणण्याची. तीत गाडी सु. १२ ते १५ सेंमी. उचलली जाते. यासाठी धुऱ्यावर नव्या बैठका जोडकामाने बसवाव्या लागतात. जोडकाम कच्चे असेल, तर बैठक तुटून धुरा निसटण्याचा धोका असतो. शिवाय चलित्राकडून धुऱ्याकडे जाणाऱ्या दंडाचा कोन वाढून त्याचे सांधे झिजतात, सुकाणूचा दांडा तिरपा पडल्याने खड्ड्यात चाक आपोआप वळते आणि ब्रेकची लवचिक नळी ताणली जाऊन फुटू शकते.

या खटाटोपाचा लाभ मात्र बहुधा मालकाला वाटतो तेवढा नसतो. जीपचा सर्वांत खालचा भाग म्हणजे धुऱ्यावरील विभेदी दंतचक्राची पेटी. मूळ जीपमध्ये ती जमिनीपासून सु. २२ सेंमी. उंच असते. कमानी कितीही उंच केल्या, तरी ही पेटी तेथेच राहते. ती उचलायची असेल, तर मोठ्या व्यासाची चाकेच लागतात आणि ती बसविली की ब्रेक अपुरे पडतात व वेगदर्शक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

सर्वांत गंभीर दोष कलंडण्याचा. दोन चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले असता जो अंक मिळतो तो गाडीच्या स्थिरतेचे स्थूल माप मानतात. साध्या मोटारींत तो १·३० ते १·५० असतो, तर उंच वाहनांत बहुधा १·०० ते १·३०. उदा., चाकांमधील अंतर १२४ सेंमी. व गुरुत्वमध्याची उंची ६५ सेंमी. धरली, तर अंक ०·९५ येतो. गुरुत्वमध्य १५ सेंमी. वर गेला की तोच ०·७८ होतो. बैलगाडीच्या वाटेवर, पायी चालण्याच्या वेगात, हा फरक बहुधा जाणवत नाही. कोळशाच्या खाणी व सिमेंटचे कारखाने यांच्याबरोबर राजुऱ्याच्या परिसरात पक्के रस्ते वाढले आणि तीच गाडी अवजड मालमोटारींच्या रांगेत वेगाने धावू लागली. अचानक वळण घ्यावे लागले, तर ती तोल सावरू शकत नाही. उघड्या टपाच्या जीपमध्ये कलंडल्यावर प्रवाशाला आडोसाही नसतो.

अमेरिकेत जीपच्या सीजे–५ या प्रतिरूपाच्या कलंडण्यावर १९८० च्या सुमारास मोठा वाद झाला. १९८४ मध्ये तेथील शासनाने आखूड उपयोगी वाहनांत कलंडण्याविषयीचा इशारा लावणे सक्तीचे केले. सुझुकीच्या सामुराई गाडीवरही १९८८ मध्ये तेथील ग्राहकसंस्थेने हाच आक्षेप घेतला. या गाडीच्याच वंशातील मारुती जिप्सी भारतात १९८५ पासून विकली जात होती व ताडोबाच्या जंगलसफारीत पुढे ती सर्वपरिचित झाली. उत्पादकांनी १९९३ मध्ये तिच्या दोन चाकांमधील अंतर सु. ९ सेंमी. वाढविले. उंची न वाढविता रुंदी वाढविण्याचा हा मार्ग, कारागिराच्या हातून जे होते त्याच्या नेमका उलट आहे.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होईल असे वाहन बदलण्यास मनाई आहे. जानेवारी १९१९ नव्हे, तर थेट जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे अधिनियमानंतर तीन दशकांनी, सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. व्यावसायिक वाहनास योग्यता प्रमाणपत्रासाठी वेळोवेळी तपासणीस यावे लागते. खासगी जीपची नोंदणी मात्र १५ वर्षांची असून या मुदतीत प्रदूषणाखेरीज तिची नियमित तांत्रिक तपासणी होत नाही.