आमच्या घरातलं लाटणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या दादीच्या स्वयंपाकघरात लाटणं नव्हतं. बाई दापोलीकडची. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, मळायची आणि परातीत भाकरी थापायची. सणाला सांदणं. लाटायची वेळच येत नसे. लाटणं आमच्याकडे आलं ते रेशनच्या दुकानामुळे. कसं, ते सांगते.

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून मुंबईला येणारा तांदूळ थांबला. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालं. कार्डावर नुसता तांदूळ मिळेना. त्याच्याबरोबर गहू, ज्वारी पदरात पडे. दादी तेव्हा डोंगरीत राहत होती. गव्हाचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. थोड्याची ती लापशी करी आणि उरलेला शेजारणीला देऊन तिच्याकडून तांदूळ घेई. असा बदला कायद्यात बसत नसावा, पण दादीला कायदाही कुणी शिकवला नव्हता!

पुढे काही वर्षं नियंत्रणं उठली. मग साठच्या दशकात रांगा पुन्हा लांबल्या. १९५६ च्या करारापासून अमेरिकेचा 'पी.एल. ४८०'चा गहू येतच होता. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं आणि १९६६ या एकाच वर्षात देशाला एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावं लागलं. त्याच सुमारास अम्मी लग्न होऊन जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत आली. तांदूळ थोडा, गहू फार. शेजारी साताऱ्याच्या एक मावशी होत्या. त्यांनी तिला कणीक मळायला, चपाती लाटायला शिकवलं. पोळपाट-लाटणं विकत आलं. दादी म्हणाली, "पोट भरतं गं, पण जेवल्यासारखं वाटत नाही."

अडचण चपातीची नव्हती, कालवणाची होती. आमची कालवणं भातासाठी पातळ केलेली. चपातीच्या तुकड्यात ती येतात कुठे? अम्मीने सुकटीचं कालवण आटवायला घेतलं, कांदा वाढवला, आमसूल कमी केलं. आज मी पाहुण्यांना 'आमच्या घरची जुनी पद्धत' म्हणून जे सुकं वाढते, ते खरं म्हणजे रेशनच्या गव्हापायी जन्माला आलेलं आहे. मला स्वतःला हे पन्नाशीला आल्यावर कळलं.

मग १९७२ चा दुष्काळ. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी आली, मिलो. तिकडे ती प्रामुख्याने जनावरांना घालतात हे लोकांना कळलं होतं, त्यामुळे घास आणखीच घशात अडके. भाकऱ्या तव्यावर जाईपर्यंत तुटत. मावशींचा हात जन्माचा ज्वारीवर बसलेला, तरी त्या हरल्या. अम्मीला ज्वारीतलं काही कळत नव्हतं, म्हणून तिने तांदळाचं करतात तेच केलं. पाणी उकळलं, मीठ घातलं, पीठ वैरलं, झाकण ठेवलं. त्या उकडीची भाकरी जुळून आली. मावशी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "भाभी, हे मला दाखवा." चपातीची फेड अशी झाली.

चवीचं मात्र काही करता आलं नाही. अब्बांनी तांबडी भाकरी एकदा खाल्ली आणि ताट सरकवलं. मी तीन वर्षांची, मला भाताची पेज. अम्मी म्हणायची, मला आवडते ही भाकरी. घरातली सगळी मिलो तिने एकटीने संपवली. आवडत नव्हती, हे तिने मला सांगितलं ते तीसेक वर्षांनी.

त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एका व्यासपीठावर आल्या. मृणालताई आमच्या शेजारच्या गोरेगावच्या. तिथल्या पाण्यासाठी भांडून 'पाणीवाली बाई' झालेल्या. धान्य, तेल, साखर रास्त भावात द्या म्हणून बायका थाळ्या वाजवत, लाटणी उगारत रस्त्यावर आल्या. पुढाऱ्यांची नावं इतिहासात नोंदली गेली, ते योग्यच झालं. मागे चालणाऱ्या हजारोंपैकी एक आमची अम्मी होती. मावशींनी तिला नेलं. दादीला कळू नये म्हणून लाटणं बुरख्याच्या आत. परतायला दिवेलागण झाली. दादीने भात टाकून ठेवला होता. तिने काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, "लाटणं जागेवर ठेव."

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. माझ्या मुलीने अंधेरीच्या एका चकचकीत दुकानातून ज्वारीच्या पिठाचं पाकीट आणलं. किंमत पाहून मी दोनदा चष्मा पुसला. भाकरी काही केल्या जमेना. अम्मी आता ऐंशीला टेकली आहे. तिने चिमूटभर पीठ हातावर घेतलं, वास घेतला.

"पाणी उकळत ठेव," ती नातीला म्हणाली.