कडेवरच्या मुलाची शाळा

माहूरच्या श्रोत्यांपुढे मातृत्वाचा महिमा गाणे म्हणजे गंगेकाठी बसून पाण्याचे वर्णन करणे होय. रेणुकामाता, दत्तप्रभू आणि अनसूया असा ज्यांचा नित्याचा शेजार, त्यांना त्यात नवे काय सांगावे? तेव्हा त्या वाटेस आम्ही जात नाही. परंतु अनसूयेच्या कथेविषयी लहानपणापासून आमच्या मनात एक शंका आहे, ती मात्र येथे बोलून दाखवितो. सत्त्व पाहावयास आलेल्या तिन्ही देवांची तिने तान्ही बाळे केली, हे ठीकच. पण ती बाळे रांगू लागली, उंबरा ओलांडू लागली, पाण्याची घागर लवंडू लागली, तेव्हा आश्रमातील कामाचे काय झाले? कथा तेथे गप्प आहे.

शिक्षणाचा इतिहासही त्याच जागी बराच काळ गप्प होता. पाळण्यातले मूल सर्वांना दिसत होते, पाटी घेतलेले मूलही दिसत होते. मधले, वर्षापासून तीन वर्षांपर्यंतचे, पांगुळगाड्याचे वय कोणाच्या खात्यावर जमा नव्हते. ते कोणाच्या तरी कडेवर असे, आणि ती कड बहुधा सहासात वर्षांच्या बहिणीची असे.

रोम शहरातील सान लोरेंझो या गरिबांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह उघडले. त्याचे मूळ कारण मोठे तात्त्विक नव्हते. आईबाप कामावर गेले की मुले जिन्यांवर हिंडत, भिंती खराब करीत. चाळीच्या मालकांना ती एका खोलीत आवरून धरावयाची होती. त्या खोलीत शास्त्र आले ते माँटेसरीबाईंच्या डोळसपणामुळे. मात्र तेथेही मुले साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या आसपास येत. त्याहून धाकटी बाहेरच.

आपल्याकडे हा विचार भावनगरमार्गे आला. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली तेथे बालमंदिर काढले. पुढे त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. दादरची मुले धुतलेल्या कपड्यांत येत. खेड्यातल्या मुलांचे काय, हा काटा ताराबाईंच्या मनात सलत राहिला, आणि १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तेथे त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. त्या वर्षी आपला मुलूख अजून निजामाच्या अमलाखाली होता आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. बालवाडी हा शब्द इकडे कोणाच्या कानी पडला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

बोर्डीस बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. तेव्हा बाईच वस्तीत गेल्या. अंगण झाडायचे, मुलांना अंघोळ घालायची, नखे काढायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. ती अंगणवाडी. परदेशी साधने परवडणारी नव्हती म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने, माती यांची साधने झाली.

पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुलांशी गाठ पडली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली, हे पुष्कळांस ठाऊक असते. आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट विकासवाडीची आहे. शाळेच्या वयाची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भाऊ आहे. तिला एकटी बोलावले तर घर अडते. भावासकट बोलावले तर वर्ग अडतो. यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात नेऊन बसविली. बहिणीने भावास पाळणाघरात ठेवावे आणि आपल्या वर्गात जावे. असे हे मधले मूल बहिणीची अडचण म्हणून शाळेत शिरले!

पण एकदा शिरल्यावर त्याच्याकडे पाहावेच लागते. दीड वर्षाचे मूल एका जागी बसत नाही. वाटीतले दाणे डब्यात, डब्यातले पुन्हा वाटीत, असे ते वीस वेळा करते. पाहणाऱ्यास तो पसारा वाटतो. त्या वेळी त्याची बोटे, डोळे आणि मन यांची जुळणी चाललेली असते. या वयात मेंदूची वाढ फार झपाट्याने होते. शब्द याच काळात भराभर येतात, पण ते समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून येतात. शिवाय ओळखीचे माणूस दृष्टिआड होताच ते घाबरते. मुलाला एका स्थिर, जिव्हाळ्याच्या माणसाची गरज अन्नाइतकीच असते, असे इंग्लंडच्या जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५१ च्या अहवालात मांडले. एकाच आवारात हाकेच्या अंतरावर बहीण असणे, हे आम्हांस त्या अहवालाचेच घरगुती रूप वाटते.

सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. नाव आले, अंगणही आले. आवार मात्र मागे राहिले. अंगणवाडीच्या वर्गात बसते ते तीन वर्षांपुढचे मूल. त्याच्या धाकट्याच्या वाट्याला लस, वजनाचा काटा आणि घरपोच आहाराचे पाकीट. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली तर एका बाईला त्यांच्यापाशी ठेवावे, असे कलम होते. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन धोरणाने तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, असे म्हटले. कागदावर दोन्ही उत्तम आहेत.

माहूर आणि किनवटच्या डोंगरांत कोलामांचे पोड आहेत, गोंडांचे गुडे आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. येथे दहा मुलांमागे ठेवावयाची ती बाई कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारी हवी. मराठीत तिचे चार शब्द कमी असले तरी चालेल. अशी बाई शोधण्यास दूर जावे लागत नाही. ती बहुधा त्याच पोडातील असते, आणि लहानपणी भावाला कडेवर घेण्यासाठी तिची शाळा सुटलेली असते. नेमणुकीच्या वेळी तिच्याकडे नेमके शाळेचेच प्रमाणपत्र मागितले जाते.